शिल्पकार नानासाहेब करमरकर : प्रतिमा आणि प्रत्यक्ष

आपल्यापैकी जे जव्हार-मोखाडा परिसरात राहतात, त्यांना बोहाड्याचे मुखवटे परिचित आहेत. गणपतीचा किंवा रावणाचा मुखवटा घडविणारा कारागीर समोर कोणाला बसवून काम करीत नाही. तो चेहरा परंपरेने त्याच्या हाती आलेला असतो. विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांचा आरंभही अशाच परंपरेत झाला. त्यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळील सासवणे या गावी झाला. वडील गणेशमूर्ती घडवीत आणि मुलाचा हात त्या मातीवरच वळला.

गावातील देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले. त्यांच्या साहाय्याने करमरकर मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत दाखल झाले. पुढे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कलकत्त्यात काम केले आणि १९२० मध्ये ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकावयास गेले. समोरच्या जिवंत देहाकडे पाहून घडविण्याची शिस्त या शिक्षणाने त्यांना दिली.

येथे एका शब्दाची नोंद घ्यावी. शिल्पशाळेच्या बोलीत ‘मॉडेल’ म्हणजे समोर बसलेली व्यक्ती आणि ‘मॉडेल’ म्हणजे मातीचा लहान नमुनाही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात व क्वचितच गोंधळ होतो.

पुण्याच्या शिवस्मारकाचे काम हाती आले, तेव्हा मात्र खरी अडचण उभी राहिली. जव्हारजवळील शिरपामाळावर महाराज थांबले होते, असे आपल्याकडे परंपरेने सांगितले जाते. स्थळ दाखविता येते. चेहरा दाखविता येत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पुरुषाला समोर कसे बसविणार? स्वारासाठी जुन्या चित्रांचाच आधार होता. घोडा मात्र प्रत्यक्ष पाहता येत होता. कोल्हापूरच्या महाराजांचा शहानवाज हा घोडा त्यांनी नमुना म्हणून घेतला. माझ्या मते या शिल्पाचे बळ प्रथम घोड्यात आहे. त्याच्या ताणलेल्या स्नायूंमुळेच स्वाराचा अधिकार आपल्याला पटतो.

मातीवरून प्लास्टर आणि प्लास्टरवरून धातू, असा हा मार्ग असतो. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा माझगावच्या गोदीत एकसंध ओतला गेला. वितळलेल्या धातूचा ओघ मध्येच खंडित झाला असता, तर सगळे श्रम वाया गेले असते. पुतळा रेल्वेने घाट चढून पुण्यास आला आणि १६ जून १९२८ रोजी त्याचे अनावरण झाले.

यानंतर स्मारकांची कामे येत राहिली. त्यांची सूची येथे देत नाही, कारण सासवण्याच्या घरातील शिल्पे मला अधिक बोलकी वाटतात. ती कोणत्याही समितीने मागितली नव्हती. कोळीण, गावातली कष्टकरी माणसे, दारची जनावरे हेच त्यांचे नमुने. स्मारकाखाली नायकाचे नाव कोरलेले असते. या माणसांची ओळख बहुधा त्यांच्या कामावरून होते. तरीही कोळणीच्या बसण्यातील ठामपणा पाहावा. तो कल्पनेने सुचलेला नाही, शेजारी राहून पाहिलेला आहे.

१९६७ मध्ये करमरकर यांचे निधन झाले. त्यांचे घर आज संग्रहालय आहे. अलिबागकडे जाणे झाले, तर अंगणातील म्हैस पाहण्यास विसरू नका.