दान आणि सोंगटी : संत सूरदासांच्या जीवनातून कर्तृत्वाचा बोध

दिल्लीहून मथुरा-आग्र्याकडे निघाले की वाटेत फरीदाबाद लागते. कारखान्यांचे हे शहर वाढत गेले आणि सीही नावाचे जुने गाव त्याच्या पोटात आले. २०१८ मध्ये दिल्ली मेट्रो बल्लभगढपर्यंत पोहोचली, तेव्हा या गावाजवळच्या स्थानकाला संत सूरदासांचे नाव देण्यात आले. वैष्णव परंपरेनुसार सूरदासांचा जन्म याच सीही गावात झाला. काही अभ्यासक आग्र्याजवळचे रुनकता हे त्यांचे जन्मस्थान मानतात. मात्र पुष्टिमार्गाच्या वार्ताग्रंथावरील हरिरायजींच्या टीकेत सीहीचा स्पष्ट उल्लेख आहे. या लेखातील प्रसंग त्याच वार्ता-परंपरेतून घेतले आहेत.

सत्संगात एक प्रश्न हमखास निघतो. ईश्वर सर्वज्ञ आहे, म्हणजे मी उद्या काय करणार हेही त्याला आजच ठाऊक आहे. मग माझ्या हातात उरले काय? पहाटे उठून जप करायचा की झोपून राहायचे, हेसुद्धा आधीच ठरलेले असेल तर साधनेला अर्थ काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. काही जण या विचाराने प्रयत्न सोडून देतात. काही जण आपल्या चुकांचा भार देवावर टाकतात. आपल्या सर्वांचीच एक सवय असते : यश आले की ते मी मिळवले आणि अपयश आले की ती देवाची इच्छा! सूरदासांचे जीवन या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी देते.

न निवडलेला जन्म

परंपरेप्रमाणे सूरदासांचा जन्म संवत १५३५ मध्ये, म्हणजे साधारण इ.स. १४७८ मध्ये, वैशाख शुद्ध पंचमीला झाला. घर गरीब सारस्वत ब्राह्मणाचे होते आणि मूल जन्मतःच अंध. आई-वडिलांना हे मूल म्हणजे दारिद्र्यात आणखी एक भार वाटे. हे घर, ही गरिबी, हा अंधार यांपैकी काहीही त्या बालकाने मागितले नव्हते.

बालक सहा वर्षांचे असताना वडिलांना एका यजमानाकडून दोन मोहरा दान मिळाल्या. त्यांनी त्या कापडात बांधून ठेवल्या आणि रात्री उंदरांनी त्या ओढून नेल्या. सकाळी घरात रडारड झाली. तेव्हा बाल सूरदासांनी सांगितले की मोहरा कुठे आहेत हे मी सांगतो, पण त्यानंतर मला घर सोडून जाऊ द्यावे. मोहरा सांगितल्या जागी सापडल्या. त्याच बोलीवर ते काठी घेऊन घराबाहेर पडले. अंधत्व त्यांनी निवडले नव्हते. ही वाट मात्र त्यांनी स्वतः मागून घेतली.

पिंपळाखालचे स्वामी

सीहीपासून चार कोसांवर एका तळ्याकाठी पिंपळाखाली ते राहू लागले. तिथल्या जमीनदाराच्या गायी हरवल्या होत्या. त्या कुठे आहेत हे सूरदासांनी सांगितले आणि गायी तिथेच मिळाल्या. जमीनदाराने त्यांना झोपडी बांधून दिली. शकुन सांगणारा बालयोगी म्हणून त्यांची कीर्ती पसरली. लोक भविष्य विचारायला येऊ लागले, पैसा आला, शिष्य जमले आणि ते सर्वांचे स्वामी झाले.

इथे क्षणभर थांबून विचार करावा. गायी आपल्या पायांनी तिथवर गेल्या होत्या. सूरदासांना ते समजले म्हणून त्या गेल्या नव्हत्या; त्या गेल्या म्हणून सूरदासांना समजले. जाणणे वेगळे आणि घडवणे वेगळे.

अठराव्या वर्षी एका रात्री सूरदासांच्या मनात विरक्ती दाटून आली. आपण घर सोडले ते भगवंताच्या भजनासाठी आणि अडकलो ते मायेतच, याची त्यांना तीव्र जाणीव झाली. साठवलेले सारे मागे ठेवून ते पुन्हा काठी घेऊन निघाले. इतरांचे भविष्य सांगणाऱ्या या तरुणाचे स्वतःचे भविष्य मात्र एका निर्णयाने बदलले. हा निर्णय कोणत्याही शकुनाने त्यांच्यासाठी घेतला नाही.

गऊघाटावरील भेट

मथुरेला जाऊन ते पुढे मथुरा आणि आग्रा यांच्या मध्ये यमुनेवरील गऊघाटावर राहिले. तिथे श्रीवल्लभाचार्य आले. आचार्यांचे नाते महाराष्ट्राशीही आहे. परंपरा सांगते की पंढरपुरी विठ्ठलाने त्यांना गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा केली. पुढे त्यांच्या दुसऱ्या पुत्राचे नाव विठ्ठलनाथ ठेवले गेले.

आचार्यांसमोर सूरदासांनी आपल्या दैन्याची पदे गायली. मी पापी, मी पतित, मी सर्वांत अधम, असा त्यांचा भाव होता. आचार्यांना ते रुचले नाही. नावाने सूर, म्हणजे शूर, असून असे गयावया का करावे, त्यापेक्षा भगवंताच्या लीलेचे वर्णन करावे, असे त्यांनी सुचवले. मला ती लीला समजत नाही, असे सूरदासांनी नम्रपणे सांगितले. आचार्यांनी त्यांना स्नान करून यायला सांगितले, नाम दिले, समर्पण करवले आणि भागवताच्या दशम स्कंधाचे मर्म उलगडून दाखवले. त्यानंतर जी वाणी प्रकटली, तिनेच पुढे बाळकृष्णाचे रूप घराघरांत पोहोचवले.

हा प्रसंग आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी जातो. समर्पण म्हणजे स्वतःला शून्य, दुबळे आणि अपराधी समजून बसणे नव्हे. ज्याच्या हातात काहीच नाही, तो अर्पण काय करणार? अर्पण करायला आधी काहीतरी आपले असावे लागते. भगवंताने जीवाला दिलेले इच्छेचे स्वातंत्र्य हेच ते धन.

कर्ता कोण?

वल्लभाचार्यांनी ज्या ब्रह्मसूत्रांवर अणुभाष्य लिहिले, त्यांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात हाच विचार येतो. जीव खरोखर कर्ता आहे. तसे नसते तर हे कर, ते करू नको, असे शास्त्राने सांगण्याला अर्थच उरला नसता. मात्र हे कर्तृत्व जीवाचे स्वयंभू नाही, ते परमात्म्याकडून येते. आणि परमात्मा फळ देताना जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवतो. शक्ती त्याची, प्रयत्न आपला.

भगवद्गीतेतही हे दोन्ही धागे आहेत. सातव्या अध्यायात श्रीकृष्ण भूत, वर्तमान आणि भविष्यातील सर्व प्राण्यांना आपण जाणतो असे सांगतात. तेच श्रीकृष्ण अठराव्या अध्यायात सारा उपदेश झाल्यावर अर्जुनाला पूर्ण विचार करून त्याच्या इच्छेप्रमाणे करण्यास सांगतात. सर्व जाणणाराच निवड अर्जुनावर सोपवतो.

मोत्यांचा शृंगार

सूरदास गोवर्धनावर श्रीनाथजींच्या मंदिरात कीर्तनसेवा करू लागले. विठ्ठलनाथजींनी ज्या आठ कवींना अष्टछाप म्हणून गौरवले, त्यांत ते अग्रणी होते. अधूनमधून ते गोकुळात नवनीतप्रियजींच्या दर्शनाला जात. मूर्तीला त्या दिवशी जो शृंगार असेल, त्याचेच हुबेहूब वर्णन त्यांच्या पदात येई. विठ्ठलनाथजींच्या मुलांना याचे आश्चर्य वाटले. परीक्षा पाहण्यासाठी त्यांनी एक दिवस देवाला वस्त्रे न घालता फक्त मोत्यांचा शृंगार केला. त्या दिवशी सूरदासांनी नेमके तेच गायले.

मोती घालण्याचा बेत मुलांचा होता. सूरदासांच्या अचूक जाणण्याने मुलांचे हात बांधले गेले नाहीत. मुलांनी वस्त्रे घातली असती, तर सूरदासांनी वस्त्रांचे पद गायले असते.

यावर कुणी म्हणेल की सूरदासांनी घडलेले जाणले, ईश्वर तर न घडलेलेही जाणतो. हा आक्षेप रास्त आहे. पण न घडलेले हा शब्द आपल्या दृष्टीतून आला आहे. आपण काळाच्या आत आहोत, म्हणून आपल्यासाठी काल गेला आणि उद्या यायचा आहे. परमात्मा काळाच्या पलीकडे आहे. त्याच्या दृष्टीत आपला उद्याही समोरच आहे, जसा त्या दिवशीचा शृंगार सूरदासांच्या अंतर्दृष्टीसमोर होता. मी उद्या जे निवडीन तेच त्याला दिसते. त्याला दिसते म्हणून मी ते निवडतो असे नाही. हे सारे बुद्धीच्या मुठीत पूर्णपणे मावेल असे नाही, पण साधना सोडून देण्याचे कारण यातून निघत नाही, एवढे निश्चित.

सोंगट्यांचा डाव

एकदा सूरदास शिष्यांसह वाटेने जात असताना काही जण सोंगट्यांच्या खेळात भान हरपून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याचीही त्यांना शुद्ध नव्हती. असे अमूल्य जीवन वाया जाताना पाहून सूरदासांना वाईट वाटले आणि त्यांनी मनाला उद्देशून एक पद रचले. त्यात संतसंगती हा फासा झाला आणि जिभेने सोंगटी हलवायची ठरली. या जन्मी दान पुरेपूर पडले आहे, आता पैलतीर गाठावा, असा त्याचा भाव आहे.

दान कोणते पडावे हे खेळणाऱ्याच्या हाती नसते. जन्म, देह, कुळ, प्रसंग ही आपल्याला पडलेली दाने. पण पडलेल्या दानावर कोणती सोंगटी हलवायची, हे ठरवावेच लागते. सूरदासांना पडलेले दान जगाच्या हिशेबाने अगदी हलके होते. त्यांनी सोंगटी मात्र अशी हलवली की शतके लोटली तरी लोक त्यांच्या पदांतून भगवंताला पाहतात.

वार्तेत अकबर बादशहाचाही प्रसंग आहे. बादशहाने आपले यश गाण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा सूरदासांनी हृदयात आता दुसऱ्या कुणाला जागा उरली नाही, अशा भावाचे पद गायले. ज्याने स्वतःला एकदा भगवंताला दिले, त्याला बादशहाही विकत घेऊ शकला नाही. समर्पणाने स्वातंत्र्य हरपत नाही, ते इथे पूर्णत्वाला गेलेले दिसते. दीर्घ सेवेनंतर गोवर्धनाजवळील परासोली येथे विठ्ठलनाथजींच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला.

साधकांसाठी बोध

साधकांनी या चरित्रातून तीन गोष्टी मनाशी धराव्यात. जे वाट्याला आले त्याबद्दल तक्रार करण्यात शक्ती घालवू नये. आपल्या निवडीचा भार देवावर टाकू नये. चूक झाली तर ती आपली मानून सुधारावी. आणि रोज एक तरी निवड जाणीवपूर्वक भगवंताच्या चरणी वाहावी, मग ती एक माळ जप असो, गिळलेला एक कठोर शब्द असो किंवा वेळेवर दिलेला मदतीचा हात असो. ईश्वर सर्व जाणतो, याची भीती वाटण्याचे कारण नाही. आपला लहानसा प्रयत्नही त्याच्या नजरेतून सुटत नाही, हाच त्याचा अर्थ.