आजचे चिंतन : गोरोबाकाकांचा चिखल



हल्ली मातीकामाला मेडिटेशन म्हणतात. जालन्यात मीही हौसेने चाकावर बसतो. बोटं ओल्या मातीत गेली की मन खरंच गप्प होतं. आणि मग आठवतात तेरचे गोरोबाकाका.

तेर आपल्याच मराठवाड्यातलं, तेरणेकाठचं. तिथल्या संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. म्हणजे काकांच्या (जन्म १२६७ मानतात) हजारेक वर्षं आधीपासून त्या गावाचे हात मातीत होते.

पुढे याच काकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी थापटली, कोणतं मडकं कच्चं ते बघायला. नामदेव कच्चे निघाले, दुखावले, आणि औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. ही गोष्ट सगळ्यांना आवडते. आधीची कुणी फारशी सांगत नाही.

काका नामात रंगून चिखल तुडवत होते. संती पाण्याला गेलेली. रांगतं लेकरू चिखलात आलं आणि पायाखाली गेलं. काकांना कळलंसुद्धा नाही! संतीचा आक्रोश, काठी उगारणं, तिने घातलेली विठ्ठलाची शपथ, आणि ती पाळताना शेवटी स्वतःचे हात तोडणं. पंढरीला नामदेवांच्या कीर्तनात हात परत आले, लेकरूही आलं, असं परंपरा सांगते. पण तो चिखल तिने कथेतून पुसला नाही.

मला ही कथा अजून पचत नाही, खरं सांगतो. आताशा चाकावर बसण्याआधी लेक कुठे खेळतेय ते बघून येतो.

जय हरी.