हरपलेला कंठ आणि गवसलेले गाणे

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांतून आरत्यांचे आणि भजनांचे सूर उठू लागतात. आंबा, मलकापूर, बांबवडे या वाटेने करवीरनिवासिनी अंबाबाईच्या दर्शनास निघालेल्या भाविकांच्या ओठीही तेच सूर असतात. पाचव्या-सहाव्या माळेपर्यंत निम्म्या मंडळींचे गळे बसतात. आणि तरीही एक गोष्ट दरवर्षी अनुभवास येते. कोणाचा आवाज उपजत गोड आणि खणखणीत असूनही कानाला टोचतो; उलट एखाद्या वृद्धाचा घोगरा स्वर देव्हाऱ्यापुढे उठला की माजघरातले बोलणे आपोआप थांबते. असे का व्हावे? याचे उत्तर शोधू जाता करवीरातच सुमारे सत्तावीस वर्षे नांदलेल्या एका थोर गायकाचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते गायक म्हणजे गायनसम्राट उस्ताद अल्लादिया खाँ.

खाँसाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उनियारा येथे झाला. घराणे मूळचे उत्तरेकडील अत्रौलीचे. आपले पूर्वज नाथ विश्वंभर नावाचे शांडिल्यगोत्री ब्राह्मण होते आणि पुढे एका पूर्वजाने इस्लाम स्वीकारला, अशी कुलकथा या घरात अभिमानाने जपली गेली. घरात ध्रुपदाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची. वडील अहमद खाँ लवकर निवर्तले आणि चुलते जहांगीर खाँ यांनी पुतण्याला जवळ घेतले. स्वर स्थिर होईपर्यंत पलटे, पलटे पाठ झाले की ध्रुपदे, आणि त्यानंतर ख्याल, असा तो शिक्षणक्रम होता. या तपश्चर्येतून तरुण अल्लादियांचा कंठ असा तयार झाला की ऐकणाऱ्याने भान हरपावे. संस्थानिकांकडून बोलावणी येऊ लागली.

याच सुमारास माळव्यातील अमलेटा नावाच्या लहानशा ठिकाणी ते गेले. तेथील अधिपती गाण्याचा निस्सीम भोक्ता. पण त्या भोक्तेपणाला मर्यादा नव्हती. दिवस म्हणू नये, रात्र म्हणू नये, गाणे चालूच. आश्रयदात्याला नकार देण्याची त्या काळच्या गवयाला सोय कुठली? अखेर व्हायचे तेच झाले. अतिश्रमाने गळा बसला, आणि तो असा बसला की स्वरच उमटेना.

गळ्याचे शास्त्र आज आपल्याला ठाऊक आहे. कंठातील दोन नाजूक पट्ट्यांच्या कंपनाने स्वर निर्माण होतो. त्यांना विसावा न देता जोर लावीत राहिले की त्यांस सूज येते, त्या नीट मिटत नाहीत, वारा निसटतो आणि आवाज घोगरा होतो. बसलेल्या गळ्याने अधिक जोराने आरती म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावयास हरकत नाही. त्या काळी हे सांगणारे कोणी नव्हते. गवयाचा आवाज गेला म्हणजे त्याची विद्या गेली, मान गेला आणि चूलही विझली, असाच तो प्रसंग. कालांतराने खाँसाहेबांचा आवाज परत आला, पण तो पहिला नव्हता. त्यातली गोलाई आणि गोडवा निघून गेला होता. जे परत आले ते जाडसर, काहीसे खरबरीत असे काही होते.

सामान्य गायक येथे दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर गाणे सोडतो. नाही तर गेलेल्या आवाजाची नक्कल करीत उरलेले आयुष्य काढतो. हा दुसरा मार्ग श्रोत्याला फार क्लेशकारक. नसलेला गोडवा आणण्यासाठी गळा आवळला जातो, स्वर नाकात शिरतो, उंच स्वराकडे जाताना मानेच्या शिरा ताणल्या जातात, आणि ऐकणाऱ्याचाही घसा नकळत आखडतो. आवाज नकोसा वाटतो तो बहुधा खरबरीतपणामुळे नव्हेच. गाणारा आपल्यापासून काही लपवतो आहे, हे कानाला कळते म्हणून तो नकोसा होतो.

खाँसाहेबांनी तिसरा मार्ग काढला. जो आवाज उरला तोच त्यांनी स्वीकारला, आणि त्याला शोभेल असे गाणे रचावयास घेतले. तरुणपणी जयपुरात त्यांनी मुबारक अली खाँ यांचे गाणे ऐकले होते. त्यांच्या वक्र, वळसे घेत जाणाऱ्या तानांचा ठसा मनावर होता. सरळ, सपाट धावण्याला लागणारी चपळ गोडी आता गळ्यात नव्हती. म्हणून स्वरांची गुंफण नागमोडी झाली. एका स्वरातून दुसरा उमलावा, तालाच्या मात्रांशी त्याची वीण घट्ट असावी आणि समेवर येईपर्यंत श्वासाची दोरी तुटू नये, असे ते गाणे. मोकळ्या घशाचा भरदार आकार हा त्याचा पाया. आवाजाने मागे घेतले ते बुद्धीने आणि दमसासाने भरून काढले. आज जयपूर-अत्रौली म्हणून जी गायकी आपण ओळखतो, ती या हानीतून जन्मास आली असे म्हटले तर वावगे ठरू नये.

इ. स. १८९५ च्या सुमारास ते कोल्हापुरास आले. आदल्याच वर्षी गादीवर बसलेले शाहू छत्रपती मल्लांचे आणि कलावंतांचे सारखेच कदरदान. त्यांच्या पदरी खाँसाहेब १९२२ मध्ये महाराजांचे निधन होईपर्यंत राहिले. नट-कामोद, बिहारी, सावनी नट, बसंती केदार असे अनवट आणि जोड राग त्यांच्या मुखातून करवीरकरांनी ऐकले. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ तर अंबाबाईच्या मंदिरात गायनसेवा करीत. जगदंबेपुढे कोणाचा स्वर चालतो आणि कोणाचा नाही, हा वाद करवीराने घातला नाही, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्तच आहे. कोल्हापुराहून फार दूर नसलेल्या मिरजेत त्याच काळात उस्ताद अब्दुल करीम खाँ गात होते. त्यांचा आवाज बारीक, रेशमासारखा, विरघळणारा. मग भरदार, मोकळा आकार हाच हृदयाला भिडतो असे कसे म्हणावे? तसे म्हणताच येत नाही. दोन्ही आवाजांचे पोत एकमेकांच्या उलट, पण श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी दोन्हींकडे. समान होते ते एवढेच, की दोघांचाही स्वर आपल्या जागी अचूक बसे आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या गळ्याने गाण्याचा यत्न केला नाही.

शिष्यांचे गळे घडवतानाही खाँसाहेबांची हीच दृष्टी दिसते. वैद्य आबासाहेब सांबारे यांच्या उपचारांसाठी ते सांगलीस राहिले असता जाता-येता एका घरातून रियाजाचा स्वर त्यांच्या कानी पडे. एके दिवशी ते आपणहून त्या घरात गेले आणि शिकवू लागले, असे सांगतात. ती मुलगी म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. ज्याच्यापुढे मोठमोठ्यांनी हात जोडावेत त्या गुरूला उंबरठा ओलांडायला लावणारे त्या स्वरात असे काय होते? दिखाऊपणा नव्हता, हे नक्की. बंद खोलीत स्वतःसाठी घोटलेला स्वर होता तो. केसरबाई केरकरांची गोष्ट वेगळी. त्या बालवयात कोल्हापुरातच आठ महिने अब्दुल करीम खाँकडे शिकल्या, पुढे भास्करबुवा बखले, रामकृष्णबुवा वझे यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. १९२१ मध्ये त्यांनी खाँसाहेबांचा गंडा बांधला, तेव्हा तयार गायिकेला पुन्हा स्वरसाधनेपासून आरंभ करावा लागला. त्यातून तिन्ही सप्तकांत सारख्याच भाराने फिरणारा तो प्रसिद्ध आवाज सिद्ध झाला.

उत्तरायुष्यात खाँसाहेब मुंबईस होते. १९३७ मध्ये मंजी खाँ हा गुणी मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. १६ मार्च १९४६ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी देह ठेवला. ध्वनिमुद्रणाची सोय असूनही त्यांनी आपले गाणे तबकडीवर उतरू दिले नाही. अमलेट्याहून परत आलेला तो आवाज प्रत्यक्षात कसा होता, हे म्हणून आज कोणालाही ऐकता येत नाही. ऐकू येतात ते शिष्यांचे स्वर. केसरबाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्यांतील दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले, आणि पुढल्या अकराव्या दिवशी केसरबाई मुंबईत निवर्तल्या.