फायटर, विझार्ड की हीलर? आधी गॅरीला भेटा

नवा ऑनलाइन गेम डाऊनलोड केला, की पहिला अर्धा तास क्लास निवडण्यातच जातो. खरं ना? स्क्रीनवर आठ-दहा जण रांगेत उभे असतात. एकाच्या हातात ढाल, दुसऱ्याच्या हातात काठी, तिसरा सुरा लपवून सावलीत. तुम्ही एकेकावर क्लिक करता, मग सगळ्यात भारी क्लास कुठला याचे व्हिडिओ बघता, मग मित्राला मेसेज टाकता. तरी ठरत नाही. अशा वेळी ही रांग मुळात कुणी आणि का लावली, हे माहीत असलं तर निवड बरीच सोपी होते. ती पहिल्यांदा पुस्तकात छापणाऱ्या माणसाचं नाव गॅरी गायगॅक्स.

गॅरीचा जन्म २७ जुलै १९३८ चा, अमेरिकेतल्या शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. गॅरी आठ वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या छोट्या गावी आलं. मुलगा हुशार, पण शाळेत रमला नाही. त्याचं मन पत्ते, बुद्धिबळ आणि अद्भुत गोष्टींच्या स्वस्त मासिकांत. हायस्कूल त्याने अर्धवट सोडलं. पुढे शिकागोत विमा कंपनीत नोकरी धरली. कुणाला विमा द्यायचा, किती धोका धरायचा याचा हिशेब करायचा, हे तिथलं काम. हा हिशेब त्याला पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडणार होता.

सुट्टीच्या दिवशी तो मित्रांबरोबर युद्धाचे खेळ खेळायचा. टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडायचे आणि फासे टाकून लढाया करायच्या. १९६८ मध्ये त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल भाड्याने घेऊन अशा खेळाडूंचा मेळावा भरवला. तोच जेन कॉन. आज त्याला हजारो लोक जातात.

१९७० मध्ये नोकरी गेली. घरात बायको आणि पाच मुलं. गॅरी चपला-बूट दुरुस्त करायला शिकला आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहू लागला. शेजारीपाजारी काय म्हणत असतील, याचा अंदाज तुम्ही करू शकता! १९७१ मध्ये जेफ पेरेन या मित्राबरोबर त्याने मध्ययुगीन लढायांचं ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक काढलं आणि शेवटी ड्रॅगन, जादूगार वगैरेंची एक पुरवणी जोडली.

इथे दुसरा भिडू येतो, डेव्ह आर्नेसन. शेजारच्या मिनेसोटा राज्यातला हा तरुण ‘चेनमेल’ घेऊन काहीतरी वेगळंच खेळत होता. त्याच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येकाकडे फौजेऐवजी एकच माणूस असायचा. तो माणूस भुयारात शिरायचा, वाचला तर अनुभव मिळवायचा आणि पुढच्या आठवड्यात आणखी ताकदवान होऊन परत यायचा. १९७२ मध्ये आर्नेसन लेक जिनिव्हाला आला आणि त्याने गॅरीच्या घरी हा खेळ खेळून दाखवला. गॅरी पार वेडावला. आर्नेसनच्या टिपणांवरून तो टाइपरायटरवर नियम लिहायला बसला. त्याच्या नव्या भुयारात सगळ्यात आधी उतरली ती त्याचीच मुलं, अर्नी आणि एलिस.

त्या नियमांत क्लास होते फक्त तीन. लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या नावाने लढणारा धर्मगुरू. आता यांच्यातली गंमत बघा. लढवय्याला सगळी शस्त्रं आणि सगळी चिलखतं चालतात, पण मंत्र एकही येत नाही. जादूगाराला चिलखत नाही, हातात जेमतेम सुरा आणि सुरुवातीला दिवसभरात एकच मंत्र. तो वापरला की संपलं, लपून बसायचं. पण हाच पुढे तग धरून राहिला, तर आगीचा गोळा फेकून अख्खी टोळी उडवतो. क्लेरिकला चिलखत आहे, पण धारदार शस्त्र घ्यायची बंदी. तो भुतांना पळवून लावतो आणि पुढच्या लेव्हलला गेल्यावर जखमा बऱ्या करतो. विम्याच्या ऑफिसातला तो हिशेब इथे दिसतो. प्रत्येकाला काहीतरी दिलं आणि त्याची किंमतही वसूल केली. एकट्याने भुयारातून जिवंत परत येणं अवघडच. तिघांना एकमेकांशिवाय चालत नाही.

छापायला पैसे नव्हते. गॅरी आणि त्याचा लहानपणचा मित्र डॉन के यांनी १९७३ मध्ये टीएसआर ही कंपनी काढली. आपल्या वाट्याचे पैसे उभे करायला डॉनने स्वतःच्या विमा पॉलिसीवर कर्ज काढलं. ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार पैसे घेऊन आला आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. खोकी घरीच भरली जायची. वर्षभरात सगळ्या प्रती संपल्या. १९७५ च्या पुरवणीत चोर हा क्लास आला. १९७८ च्या जाडजूड नियमपुस्तकात पॅलाडिन, रेंजर, ड्रुइड, मंक अशी फौजच उभी राहिली. तुमच्या गेममधली कितीतरी नावं तिथलीच आहेत.

कॉलेजची पोरं हा खेळ रात्र रात्र खेळू लागली आणि त्यातल्याच काहींनी तो कॉम्प्युटरवर नेला. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, नुसत्या अक्षरांचा गेम बनवायला घेतला. त्या वाटेने पुढे १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ मध्ये नऊ क्लास घेऊन ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. तिथे पाच जणांच्या टोळीत एक टँक मार खातो, एक हीलर सगळ्यांना जिवंत ठेवतो, तिघं शत्रूला झोडपतात. टँक म्हणजे तो जुना लढवय्या आणि हीलर हा क्लेरिकचा नातू, एवढं तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग क्लास कुठला घ्यायचा? गॅरीचे ते तीन क्लास डोळ्यासमोर ठेवा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, मला शंभर तास कुठलं काम करायला आवडेल? कारण क्लास म्हणजे रोजचं काम. सगळ्यांच्या पुढे उभं राहून वाट दाखवायला आवडत असेल तर टँक घ्या. स्वतःकडे कमी आणि दुसऱ्यांकडे जास्त लक्ष जात असेल तर हीलर घ्या, तुम्हाला टोळीत लगेच जागाही मिळेल. मारणारे ढिगाने असतात, म्हणून त्यांनाच जास्त थांबावं लागतं.

दुसरा, कुठली उणीव मी हसत सहन करीन? जादूगार घेतलात तर सुरुवातीला भरपूर मरावं लागेल. चोर घेतलात तर पाठीमागून वार करण्याची संधी मिळेपर्यंत दम धरावा लागेल. ताकद सगळ्यांनाच आवडते, कंटाळा येतो तो उणिवेचा. आणि हो, आजचा सगळ्यात भारी क्लास पुढच्या अपडेटमध्ये कंपनी दुबळा करू शकते. फक्त ताकद बघून घेतला असेल, तर त्या दिवशी हातात काहीच उरत नाही.

तिसरा, माझे भिडू कोण? चौघा मित्रांनी चार धनुर्धारी घेतले, तर पहिल्याच राक्षसासमोर सगळे एकदमच पळतात. आधी एकमेकांशी बोला.

हा तिसरा प्रश्न खुद्द गॅरीला महागात पडला. जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने अचानक गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्याचा हिस्सा विकत घेण्याइतके पैसे गॅरीकडे नव्हते. तो ब्लूम कुटुंबाकडे गेला आणि गॅरीच्या खेळावर चालणाऱ्या कंपनीत गॅरीचंच पारडं हलकं झालं. दुसरीकडे नव्या पुस्तकांवर आर्नेसनचं नाव नव्हतं. १९७९ मध्ये आर्नेसनने कोर्टात दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. एकट्याचं भागणार नाही असा खेळ ज्या दोघांनी मिळून दिला, ते श्रेयासाठी वकील लावून भांडले. १९८५ मध्ये ब्लूम बंधूंनी आपले शेअर लोरेन विल्यम्स यांना विकले. गॅरी कोर्टात गेला, हरला आणि १९८६ अखेर टीएसआरमधून कायमचा बाहेर पडला. खेळ त्याच्याशिवाय चालू राहिला.

पुढे त्याने दुसरे खेळ लिहिले, पण तसं यश पुन्हा आलं नाही. २००६ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वरचा ऑनलाइन गेम आला, त्यातल्या एका मोहिमेला निवेदक म्हणून गॅरीचा आवाज आहे. आर्नेसनचाही आवाज त्याच गेममध्ये आहे, दुसऱ्या मोहिमेला. २००४ मध्ये गॅरीला दोनदा पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. तरी लेक जिनिव्हाच्या घरी आठवड्याचा खेळ तो तब्येत ढासळेपर्यंत चालवत राहिला. ४ मार्च २००८ ला, वयाच्या ६९ व्या वर्षी तो गेला. आर्नेसन पुढच्याच वर्षी गेला.

अंत्यविधीनंतर गॅरीची मुलं, जुने मित्र आणि लांबून आलेले चाहते गावातल्या एका हॉलमध्ये जमले, टेबलं लावली आणि फासे काढून खेळायला बसले. त्यातूनच ‘गॅरी कॉन’ सुरू झालं. आजही दरवर्षी मार्चच्या सुमाराला लोक लेक जिनिव्हाला येतात, अनोळखी माणसांच्या टेबलावर रिकामी खुर्ची बघून बसतात आणि आधी विचारतात, तुमच्यात कोण कमी आहे?