हर्बर्ट स्पेन्सर : स्वातंत्र्याचा हट्टी उपासक

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

गेल्या वर्षी आमच्या राज्यशास्त्र मंडळात मालमत्तेच्या हक्कावर परिसंवाद झाला. हा हक्क पुन्हा मूलभूत व्हावा, या बाजूने मी तावातावाने बोललो. टाळ्याही बऱ्या पडल्या. शेवटी अध्यक्षस्थानी असलेल्या आमच्या सरांनी मला एवढेच विचारले, की जमीन मुळात मालकाची झाली कशी? मी गप्प बसलो. खाली उतरल्यावर सर म्हणाले, स्पेन्सर वाच, या प्रश्नाने त्यालाही आयुष्यभर छळले आहे.

मी इतक्या तावाने का बोललो, ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या घरी पत्र्याच्या एका पेटीत जमिनीचे तीन कागद आहेत. पहिला, पणजोबांना कुळकायद्याने मिळालेले खरेदीचे प्रमाणपत्र. पणजोबा कूळ होते. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन त्या कागदाने त्यांच्या नावावर झाली. दुसरा कागद भूसंपादनाच्या नोटिशीचा. त्याच जमिनीचा निम्मा तुकडा पुढे कालव्यात गेला आणि मोबदल्यासाठी आजोबांनी एका कचेरीचे वर्षानुवर्षे हेलपाटे घातले. एका हाताने सरकारने दिले, दुसऱ्या हाताने नेले. परिसंवादात मी बोललो ते या दुसऱ्या कागदाच्या रागाने. तिसऱ्या कागदाविषयी मी तेथे बोललो नाही. येथे शेवटी बोलणार आहे.

हर्बर्ट स्पेन्सरचा जन्म २७ एप्रिल १८२० रोजी इंग्लंडमधील डर्बी या गावी झाला. आईवडिलांना नऊ मुले झाली, त्यांतला हा एकटाच जगला. वडील विल्यम जॉर्ज स्पेन्सर शाळामास्तर होते. राजमान्य चर्चशी त्यांचे पटत नसे. कितीही बडा माणूस समोर आला तरी ते डोक्यावरची टोपी काढीत नसत आणि पत्रावर कोणाच्याही नावामागे मोठी बिरुदे लावीत नसत. माणसाने माणसापुढे वाकू नये, हा धडा पोराने पुस्तकातून घेतला नाही, घरातच घेतला.

तेराव्या वर्षी त्याला बाथजवळच्या हिंटन या खेड्यात काकांकडे शिकायला ठेवले. काका थॉमस स्पेन्सर धर्मोपदेशक होते आणि शिस्तीचे कडक होते. पोराला ते रुचले नाही. एके दिवशी तो निघाला आणि पायी घरची वाट धरली. पहिल्या दिवशी ४८ मैल, दुसऱ्या दिवशी ४७ आणि तिसऱ्या दिवशी उरलेले वीसेक मैल चालून तो डर्बीला पोचला. घरच्यांनी त्याला समजावून परत पाठवले आणि पुढची तीन वर्षे तो काकांकडेच राहिला. त्याच काकांकडून त्याने खुल्या व्यापाराची मते ऐकली. विद्यापीठाची पायरी मात्र तो कधीच चढला नाही.

१८३७ साली, सतरा वर्षांचा असताना, तो रेल्वेत इंजिनिअर म्हणून लागला. इंग्लंडभर तेव्हा लोहमार्गांचे जाळे विणले जात होते. मोजणी, नकाशे, पूल यांत त्याची काही वर्षे गेली. १८४२ मध्ये त्याने 'नॉनकन्फॉर्मिस्ट' या पत्रात शासनाच्या योग्य कार्यक्षेत्राविषयी लेखमाला लिहिली. शासनाने माणसांच्या नैसर्गिक हक्कांचे रक्षण करावे, त्यापलीकडे जाऊ नये, असा तिचा मथितार्थ होता. पुढे साठ वर्षे तो हेच सांगत राहिला. १८४८ मध्ये लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात त्याला उपसंपादकाची जागा मिळाली आणि तेथे असतानाच त्याने आपला पहिला ग्रंथ लिहिला. 'सोशल स्टॅटिक्स' हे त्याचे नाव. त्यावर १८५१ हे वर्ष छापलेले आहे.

या ग्रंथाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते. दुसऱ्याच्या तितक्याच स्वातंत्र्याला धक्का लागत नाही तोवर प्रत्येकाला हवे ते करण्याचे स्वातंत्र्य आहे. वाचताना ते अगदी साधे वाटते. पण स्पेन्सरने ते गणितातल्या प्रमेयासारखे घेतले आणि ते जेथे नेईल तेथे तो गेला. स्त्री माणूस असेल तर तिला पुरुषाइतकेच हक्क हवेत, मतदानाचासुद्धा, असे त्याने लिहिले. ज्याला शासनाचे संरक्षण नको त्याला शासनाशी संबंध तोडण्याचा हक्क आहे, असेही लिहिले. वसाहती करणे हा शासनाचा अधिकार नव्हे, हेही बजावले.

आणि जमिनीविषयी त्याने जे लिहिले ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. स्वकष्टाने निर्माण केलेल्या वस्तूवर माणसाची मालकी त्याला मान्य होती. पण जमीन कोणीच निर्माण केलेली नाही. पृथ्वीचा सारा पृष्ठभाग काही जणांच्या मालकीचा झाला, तर उरलेल्यांना पाय ठेवायलाही मालकाची मेहेरबानी लागेल, मग समान स्वातंत्र्य उरले कोठे? जुन्या मालकीहक्कांचे मूळ शोधत गेले तर तलवार, फसवणूक आणि जबरदस्ती हीच सापडतात, असे त्याने स्पष्ट म्हटले. म्हणून जमीन समाजाची असावी आणि कसणाऱ्याने समाजाला खंड द्यावा, हा त्याचा निष्कर्ष. खाजगी मालमत्तेचा कैवारी म्हणून मी ज्याच्याकडे गेलो, तोच मला सरांचा प्रश्न पुन्हा विचारीत होता.

याच ग्रंथाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गरिबांना सरकारी खर्चाने मदत, सरकारी शाळा, सार्वजनिक आरोग्याची सरकारी व्यवस्था या साऱ्यांना त्याचा विरोध होता. एकाकडून सक्तीने घेऊन दुसऱ्याला देणे त्याला अन्याय्य वाटे. स्वेच्छेने केलेल्या दानधर्माला त्याची ना नव्हती. पण कॉलऱ्याच्या साथींनी लंडन हैराण असलेल्या काळात हे लिहायला मन बरेच घट्ट असावे लागते. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या माझ्यासारख्याला हा स्पेन्सर पटत नाही आणि पटल्याचा आव मी आणणार नाही.

१८५३ मध्ये काका वारले आणि ५०० पौंड ठेवून गेले. त्या बळावर त्याने नोकरी सोडली. मानसशास्त्रावरचा ग्रंथ लिहिता लिहिता त्याची प्रकृती ढासळली आणि झोप उडाली ती कायमची. नंतर दिवसातून थोडा वेळच त्याला काम करता येई. रीजंट्स पार्कच्या तळ्यात थोडा वेळ नाव वल्हवायची आणि थोडा वेळ लेखनिकाला मजकूर सांगायचा, अशा रीतीने त्याने ग्रंथ रचले. गप्पा असह्य झाल्या की तो कानांवर झापडे लावून बसे. लग्न केले नाही. असल्या प्रकृतीच्या माणसाने १८६० मध्ये जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि नीतिशास्त्र यांना एका सूत्रात ओवणाऱ्या ग्रंथमालेची योजना जाहीर केली आणि १८९६ मध्ये ती पुरी केली. जो टिकण्यास योग्य तोच टिकतो, या अर्थाचा सुप्रसिद्ध इंग्रजी शब्दप्रयोग १८६४ मध्ये त्यानेच रूढ केला. पुष्कळांना तो डार्विनचा वाटतो.

१८६६ च्या सुमारास वर्गणीदार आटले आणि ग्रंथमाला बंद पडण्याची वेळ आली. जॉन स्टुअर्ट मिल्लने छपाईचा तोटा सोसण्याची तयारी दाखवली. मिल्लशी त्याचे तात्त्विक मतभेद होते, तरी हा मोठेपणा त्याने केला. स्पेन्सरने कृतज्ञतेने नकार दिला. शेवटी अमेरिकेतील चाहत्यांनी ७००० डॉलर जमवून त्याच्या नावे गुंतवले आणि काम चालू राहिले.

१८८४ मध्ये त्याचे 'द मॅन व्हर्सेस द स्टेट' हे पुस्तक आले. ज्या लिबरल पक्षाने एके काळी राजाची सत्ता आवरली, तोच आता जनतेच्या भल्यासाठी म्हणून कायद्यांवर कायदे करीत आहे, असा त्याचा आरोप होता. राजाचा दैवी अधिकार गेला आणि त्या गादीवर संसदेचा दैवी अधिकार बसला, हा त्यातला मुद्दा आजच्या कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याने एकदा शांतपणे विचारात घ्यावा असा आहे. बहुमत मिळाले म्हणजे काहीही करण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही.

परक्या देशांवरील स्वाऱ्यांच्या बाबतीत त्याने स्वतःच्या देशालाही सोडले नाही. दुसऱ्या अफगाण युद्धात इंग्रज फौज संकटात सापडल्याची बातमी आली, तेव्हा कोणी हळहळ व्यक्त केली. न्याय-अन्याय न विचारता दुसऱ्यांना मारण्यासाठी जे पगार घेतात, ते स्वतः मारले गेले तर आपल्याला दुःख नाही, असे उत्तर त्याने दिले. १८८२ च्या सुमारास आक्रमणविरोधी संघटनेसाठी धावपळ करून त्याने उरलीसुरली प्रकृतीही घालवली. बोअर युद्धाचा निषेध तर त्याने ऐंशीच्या घरात केला.

म्हणूनच हिंदुस्थानात त्याचे नाव आदराने घेतले जाई. आपल्या महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांवर मिल्ल आणि स्पेन्सर यांचा केवढा पगडा होता, हे आपण अभ्यासक्रमात शिकतोच. पण १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याला आगरकरांनी पाठिंबा दिला, ही गोष्ट मला स्पेन्सर वाचल्यावर नीट कळली. सरकारने सामाजिक चालीरीतींत हात घालू नये, असे विरोधक म्हणत होते आणि वरवर पाहता स्पेन्सर त्यांच्याच बाजूचा. आगरकरांनी त्याचे सूत्र अधिक खोल नेले. व्यक्तीचे स्वातंत्र्य फक्त सरकारच हिरावते असे नाही, रूढीही हिरावते, घरही हिरावते.

आता त्या जमिनीच्या प्रश्नाचे पुढे काय झाले? वय वाढले, कीर्ती वाढली, आणि जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी करणारे स्पेन्सरचाच आधार देऊ लागले. १८८९ मध्ये 'टाइम्स'मध्ये यावरून वाद पेटला. स्पेन्सर अस्वस्थ झाला. जमिनीवर समाजाचा अंतिम अधिकार त्याने तत्त्वतः नाकारला नाही, पण मालकांना भरपाई देऊन जमीन घेणे आतबट्ट्याचे होईल आणि सरकारी कारभार खाजगी मालकीहून वाईट ठरेल, म्हणून आहे ते चालू द्यावे, असे तो म्हणू लागला. १८९२ च्या 'सोशल स्टॅटिक्स'च्या संक्षिप्त आवृत्तीतून जमिनीचे प्रकरण त्याने काढून टाकले. शासनाशी संबंध तोडण्याच्या हक्काचे प्रकरणही गेले. स्त्रियांच्या मतदानाबाबतही तोवर तो मागे फिरला होता. अमेरिकेतील हेन्री जॉर्जने त्याच वर्षी एक अख्खे पुस्तक लिहून त्याला याचा जाब विचारला.

मला वाटते, सरकारी कारभाराविषयी वृद्ध स्पेन्सरचे म्हणणे बरेचसे खरे होते. आजोबांच्या झिजलेल्या चपलाही त्याला साक्ष देतील. पण तरुण स्पेन्सरच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. अडचणीच्या प्रश्नाचे पान फाडले म्हणून प्रश्न मिटत नाही.

८ डिसेंबर १९०३ रोजी ब्रायटन येथे त्याचे निधन झाले. इच्छेप्रमाणे कोणताही धर्मविधी न करता लंडनमध्ये त्याचे दहन झाले. त्या वेळी कच्छचे श्यामजी कृष्ण वर्मा यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात स्पेन्सरच्या नावे व्याख्यानमालेसाठी १००० पौंडांची देणगी जाहीर केली. १९०५ मध्ये त्याच श्यामजींनी लंडनला 'इंडिया हाउस' उघडले आणि पुढच्या वर्षी सावरकर तेथे राहायला गेले. साम्राज्याच्या राजधानीत साम्राज्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या घराला स्पेन्सरच्या विचारांचे पाठबळ होते. हायगेटच्या दफनभूमीत त्याच्या अस्थी आहेत, आणि समोर कार्ल मार्क्सचे स्मारक आहे.

आपल्या देशात १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला आणि कलम ३००-अ खाली केवळ कायदेशीर हक्क म्हणून उरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवले, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती होत नाही. तो वाद मुंबईच्या जुन्या इमारतींवरून सुरू झाला होता. म्हणजे प्रश्न जिवंत आहे. सरकारने उगाच कोणाच्या दारात येऊ नये, या मतावर मी आजही ठाम आहे. पण त्या मताने मालकाला स्वतःची झडती चुकवता येत नाही.

पणजोबांचे प्रमाणपत्र हे सरकारच्या हस्तक्षेपानेच मिळालेले आहे, हे मी परिसंवादात सोयीस्करपणे विसरलो होतो. आणि आता तो तिसरा कागद. ते माझ्या दोन आत्यांचे हक्कसोडपत्र आहे. कालव्यातून उरलेल्या जमिनीतला आपला वाटा त्यांनी माझ्या वडिलांच्या नावे सोडला. राजीखुशीने, असे त्यात लिहिले आहे. माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून केलेल्या सहीला राजीखुशी म्हणायचे का, हे मी या दिवाळीत वडिलांना विचारले. ते काही बोलले नाहीत, उठून गोठ्याकडे गेले. मी पुन्हा विचारणार आहे. पुढेमागे ती जमीन माझ्या नावावर व्हायची आहे, आणि स्पेन्सरने फाडले तसले पान मला फाडायचे नाही.