केडगावच्या मळ्यातील पंडिता रमाबाई

यावल परिसरात केळीच्या बागांतून राबणाऱ्या आपल्या तरुण बंधुभगिनींसमोर आम्ही आज पंडिता रमाबाईंचे जीवन ठेवीत आहोत. त्या कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. तरीही शेती आणि श्रद्धा यांची त्यांनी घातलेली सांगड आम्हांला आपलीच वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे आईवडील १८७४ साली दुष्काळात गेले. ती भूक त्या कधीच विसरल्या नाहीत. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. अमेरिकेतील हितचिंतकांनी मदत कबूल केली होती, पण ती दहाच वर्षांची. नंतर मुलींनी खावे काय? या काळजीपोटी त्यांनी केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेऊन फळझाडे लावली, विहिरी खोदविल्या.

परंतु झाडे फळास लागून संस्था स्वावलंबी होण्याआधीच दुष्काळ आला. मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे ३०० मुलींना याच मळ्याने आसरा दिला आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळाने आणखी शेकडो मुली आणल्या. हाडांचा सापळा होऊन आलेल्या या मुली प्रार्थना आणि शाळा सांभाळून शेतात व गोठ्यात कामे शिकल्या. दया दाखवून त्यांना नुसते बसवून ठेवले नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. १९०५ साली त्यांच्यापैकीच काही जणी स्वखुशीने आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगू लागल्या.

१९२१ साली कन्या मनोरमा वारली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई केडगावातच प्रभूच्या भेटीस गेल्या.