निळ्या हेल्मेटचा माणूस

मरोळ नाक्यावर एके काळी ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी उभ्या असत, त्या बहुतेक फियाट. इटलीतल्या तुरीनच्या कंपनीच्या परवान्याने त्या इथून जवळच, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत. इटलीची मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येते ती ही, पिशव्यांसकट अख्खे कुटुंब पोटात घेणारी गरीब गाय. पण त्या देशात मोटार हे वेडही होते, आणि मिलानच्या आस्कारी घराण्यातले बाप आणि लेक दोघेही त्या वेडापायी गेले.

आल्बेर्तो आस्कारीचा जन्म १३ जुलै १९१८ चा. वडील अंतोनिओ हे अल्फा रोमिओचे नावाजलेले शर्यतपटू. २६ जुलै १९२५ रोजी पॅरिसजवळ फ्रेंच ग्रां प्रीत सर्वांच्या पुढे असताना त्यांना अपघात झाला आणि त्यात ते गेले. वय ३६. आल्बेर्तोचा सातवा वाढदिवस होऊन जेमतेम तेरा दिवस झाले होते.

असा मुलगा शर्यतीपासून चार हात दूर राहील असे आपल्याला वाटते. तो मात्र आधी मोटरसायकलींच्या शर्यतीत उतरला आणि १९४० मध्ये एन्झो फेरारीने बनवलेल्या गाडीतून मिले मिलिया धावला. युद्धानंतर तो कचरला. घरी पत्नी मिएत्ता आणि लहान मूल होते. वयाने मोठा असलेला मित्र लुइजी विलोरेसी याने समजावून त्याला पुन्हा गाडीत बसवले. १९४९ मध्ये दोघे फेरारीकडे गेले. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे आल्बेर्तो विश्वविजेता ठरला. त्या काळात त्याने विश्वविजेतेपदाच्या नऊ ग्रां प्री ओळीने जिंकल्या!

हा माणूस बेफाम नव्हता. उलट फार जपणारा. काळी मांजर टाळायची, २६ तारखेची धास्ती बाळगायची. हेल्मेट निळेच, आणि तेही स्वतःचेच. मुलांशी मात्र तो मुद्दाम कडक वागे. आपला लळा कमी लागला, तर उद्या काही झाले तरी त्यांना दुःख कमी होईल, असा त्याचा हिशेब होता.

मी उभी हयात बँकेत काढली. कर्जाच्या कागदावर जामीनदाराची सही घेतल्याशिवाय आम्ही पुढे जात नसू. बापाने पत्करलेल्या जोखमीवर मुलांची सही कुणी घेत नाही. वसुली मात्र त्यांच्याकडूनच होते. आणि लळा तोडून ती रक्कम कमी होत नाही. सातव्या वर्षी पोरका झालेल्या आल्बेर्तोला हे कुणी सांगायला हवे होते काय?

२२ मे १९५५ रोजी मोनॅकोत त्याची लान्चिया थेट बंदरातल्या पाण्यात गेली. तो पोहून वर आला. नाकाला दुखापत झाली, जीव वाचला. चार दिवसांनी तो मोन्झाला गेला, तो एउजेनिओ कास्तेलोत्ती या तरुण सहकाऱ्याचा सराव पाहायला. अंगात कोट, गळ्यात टाय. एकाएकी त्याने फेरारीच्या नव्या गाडीतून दोन-चार फेऱ्या मारायचे ठरवले. निळे हेल्मेट जवळ नव्हते. त्याने कास्तेलोत्तीचे पांढरे हेल्मेट चढवले. तिसऱ्या फेरीत गाडी उलटली. तारीख २६, वय ३६. गाडी का उलटली, याचा उलगडा कधीच झाला नाही.

कादंबरीत मी हे योगायोग घातले असते, तर ते ओढूनताणून जुळवल्यासारखे वाटले असते. लोक आजही त्या २६ आकड्याची गोष्ट सांगतात. मला मात्र त्या घरातली एक मुलगा आणि एक मुलगी दिसतात. मिलानच्या स्मशानभूमीत आल्बेर्तोला वडिलांशेजारीच पुरले. मोन्झाच्या त्या वळणाला आज आस्कारीचे नाव आहे. मुलांना दूर ठेवून त्याने त्यांचे दुःख वाचवले नाही; वडिलांच्या कुशीतले काही दिवस तेवढे कमी केले.